सरांचं एलटी-वन

आमचे सर आयुष्यात कधी चुकले नाहीत. हे मी खुद्द त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे, तेव्हा शंकेला जागा नाही. पॉलिटेक्निकमध्ये ते आम्हाला ऑटोमोबाईल शिकवायचे. निवृत्त झाले, वर्ग सुटला, पण शिकवायची खोड सुटली नाही. उद्यमनगरात माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. रोज संध्याकाळी ते यायचे, काउंटरच्या आतल्या बाजूला माझ्याच स्टुलावर बसायचे आणि गिऱ्हाइकांना त्यांनी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायचे. फॅनबेल्ट घ्यायला आलेला माणूस फॅनबेल्ट न घेता, पण अमेरिकेबद्दल बरंच काही ऐकून परत जायचा. मी उभ्या उभ्या बघत राहायचो, कारण स्टूल एकच होतं.

सर अमेरिकेला कधी गेले नव्हते. एका पुतण्याच्या लग्नाला हैदराबादला गेले होते, तिथून पोट बिघडून परत आले. पण आठ सिलिंडरच्या अमेरिकन स्पोर्ट्स गाड्यांबद्दल ते असे बोलायचे, जणू लहानपणी एकाच बोळात खेळलेत सगळे. या सगळ्या ज्ञानाचा उगम म्हणजे अमेरिकन मोटारींच्या मासिकांचा एक गठ्ठा. तरुणपणी त्यांनी तो रद्दीवाल्याकडून उचलला होता. गठ्ठ्यातला सगळ्यात ताजा अंकसुद्धा माझ्या जन्माच्या आधीचा होता. त्यानंतर अमेरिकेत एकही इंजिन तयार झालं नाही, अशी सरांची समजूत होती, आणि ती दूर करण्याची हिंमत अमेरिकेतही कोणात नव्हती.

इंजिनाचा आकार अमेरिकन लोक क्युबिक इंचात मोजतात, म्हणून सर जगातली प्रत्येक वस्तू क्युबिक इंचात मोजायचे. आमच्याकडे गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. सर तिथं जाऊन सांगायचे, "तीस क्युबिक इंच द्या." म्हणजे अर्धा लिटर. गवळी म्हशीच्या पोटाखालून मान वर करून विचारायचा, "सर, मोठा गिलास देऊ का बारका, तेवढं बोला की!" त्यांची स्वतःची गाडी होती आठशे सीसीची, पांढरी, मागचं दार दोरीनं बांधलेलं. तिला ते 'माझी अठ्ठेचाळीस' म्हणायचे. आठशे सीसी म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस क्युबिक इंच होतात. कुणी नवखा माणूस ऐकून म्हणायचा, "सर, मॉडेल एवढं जुनं हाय?" मग सर हसायचे. दुसऱ्याच्या अज्ञानाइतका आनंद त्यांना दुसऱ्या कशाचाच होत नसे.

रस्त्यावरून गाडी गेली की डोळे मिटून, फक्त आवाजावरून ते तिचं इंजिन ओळखायचे. गाडी तोवर दाभोळकर कॉर्नरपर्यंत पोचलेली असायची, त्यामुळं पडताळून कोण बघणार? एकदा मात्र गाडी दुकानासमोरच थांबली. सरांनी डोळे मिटून "सहा सिलिंडर, पेट्रोल" असं सांगितलं, आणि बघतो तर उसाचा रस काढायचं डिझेल इंजिन मागं चालूच ठेवलेला टेम्पो. सर म्हणाले, "ट्यूनिंग बिघडलंय त्याचं."

आणि कुणी विरोध केलाच, तर त्यांच्याकडे एक ठेवणीतला प्रश्न होता: "तुला माझ्या विषयात किती पडले होते रे?" उद्यमनगरातले निम्मे कारखानदार, मेकॅनिक, दुकानदार त्यांचे विद्यार्थी. पोटं सुटलेली, केस पिकलेली माणसं या प्रश्नापुढं मान खाली घालायची. मीही घालायचो. मी काठावर पास झालेलो.

फक्त एका माणसाला तो प्रश्न लागू पडत नव्हता. माझ्या दुकानासमोरच्या गॅरेजवाल्या गौसभाईला. गौसभाई पॉलिटेक्निकची पायरी कधी चढला नाही. गॅरेज वडिलांचं, काम वडिलांच्या हाताखाली शिकलेला. काम मध्यम, पण माणूस खणखणीत. न येणारं काम "हे मला यायचं न्हाय" म्हणून तोंडावर परत पाठवायचा. उचगावपासून गडहिंग्लजपर्यंतची माणसं त्याच्याकडं गाडी सोडायची, किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची आणि बाजाराला निघून जायची. पावती नाही, चिठ्ठी नाही. संध्याकाळी येऊन किल्ली घ्यायची. डॅशबोर्डात विसरलेली सोन्याची अंगठी जिथल्या तिथं सापडलेली मला ठाऊक आहे. त्याचा सगळा धंदा त्या खिळ्यावर चालायचा. सर मात्र त्याच्याबद्दल नेहमी एवढंच म्हणायचे, "हाताला सवय आहे, पण पाया नाही." पाया म्हणजे सर.

आता सरांचा सगळ्यात लाडका विषय सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तो विषय म्हणजे एलटी-वन नावाचं इंजिन. सरांच्या गठ्ठ्यातल्या एका अंकात त्याचं मधलं दुपानी चित्र होतं. सरांनी ते काढून, लॅमिनेशन करून, देवघराच्या शेजारच्या भिंतीवर लावलं होतं. त्याचा बोल्ट न् बोल्ट त्यांना पाठ. "एलटी-वन एकच," असं ते बोट वर करून सांगायचे. "अमेरिकन माणूस नाव फुकट वाटत नाही."

खरी गोष्ट अशी आहे, आणि ती मला फार उशिरा कळली, की अमेरिकन माणूस नावं अगदी फुकट वाटतो. ज्या कंपनीनं सत्तर सालाच्या सुमाराला एका इंजिनाला एलटी-वन म्हटलं, तिनंच वीसेक वर्षांनी दुसऱ्याच एका इंजिनाला तेच नाव दिलं, आणि आणखी वीसेक वर्षांनी तिसऱ्याला. आतली रचना वेगळी, भाग वेगळे, नाव तेवढं तेच. त्यांच्याकडे बऱ्याच नावांचं असं झालंय. जुन्या नावाला बाजारात वजन असतं, ते कोण सोडणार? आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यातलाच प्रकार. पण म्हणून आपण नातवाच्या तोंडात आजोबांची कवळी शोधत नाही. सरांनी शोधली. शोधली तर शोधली, वर ती सापडत नाही म्हणून दुसऱ्यावर चोरीचा आळ घेतला.

झालं असं. आजऱ्याच्या एका काजू कारखानदारानं, सगळे त्यांना अण्णा म्हणत, मुंबईहून एक जुनी लाल अमेरिकन गाडी विकत घेतली. बसकी, रुंद, दोनच दारांची. पोरीच्या लग्नात वरात त्या गाडीतून काढायची, असा अण्णांचा बेत. ती गाडी गडहिंग्लजच्या रस्त्यावर तापली, वाफा सोडायला लागली आणि बंद पडली ती पडलीच. लोकांनी बॉनेट उघडून पाणी ओतलं, ढकलून बघितलं, मग ट्रेलरवर घालून उद्यमनगरात गौसभाईच्या दारात आणली. गौसभाईनं तोंडावर सांगितलं, "अण्णा, असलं इंजिन मी कधी बघितल्यालं न्हाय. बघतो, पर वायदा करत न्हाय." अण्णांनी सवयीप्रमाणं किल्ली खिळ्याला अडकवली आणि आजऱ्याची एसटी पकडली.

गौसभाईनं काय केलं? गाडी धुतली, बॅटरी चार्ज केली, प्लग काढून बघितले, आणि ठिणगीच येत नाही म्हटल्यावर हात आवरला. दुसऱ्या दिवशी अण्णा आले. लाल गाडी बघायला अर्धं उद्यमनगर जमलेलं. सर न बोलावता आले. गर्दीनं त्यांना वाट दिली. अण्णांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "एलटी-वन हाय सर!"

सरांनी डोळे मिटले. जन्मभर जिचं चित्र भिंतीवर लावलं ती मूर्ती समोर उभी, असा तो चेहरा होता. मग पुढं होऊन त्यांनी बाह्या वर केल्या आणि हात थेट इंजिनाच्या मागच्या बाजूला घातला. चाचपडले. टॉर्च मागितला. वाकून बघितलं. आणि सरळ उभं राहून, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "डिस्ट्रिब्युटर कुठं आहे?"

डिस्ट्रिब्युटर म्हणजे कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची ते वाटून देणारा डबा. तो नसला तर इंजिन चालूच होणार नाही. सरांच्या भिंतीवरच्या एलटी-वनला तो मागच्या बाजूला होता. या गाडीत तिथं नुसतं एक बूच होतं.

"हे बघा," सरांनी सगळ्यांना टॉर्च मारून दाखवलं. "डिस्ट्रिब्युटर काढून घेतलाय आणि भोकाला बूच मारलंय. सफाईनं मारलंय. अमेरिकेत या पार्टला सोन्याचा भाव आहे."

अण्णांनी गौसभाईकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"सर, काय बोलताय?" गौसभाई म्हणाला. "मी मागं हातबी घातला न्हाय! ह्यात काय कुठं असतंय त्येच मला ठाऊक न्हाय, तर चोरू काय?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही," सर म्हणाले. "मी फक्त इंजिनबद्दल बोलतोय. गाडी इथं रात्रभर होती, एवढंच."

अण्णा जुने गिऱ्हाईक. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "गौस, दोन-चार दिवसांत जाग्यावर आणून ठेव. मी पोलिसात जाणार न्हाय." खिळ्यावरची किल्ली त्यांनी काढून खिशात घातली. ते ओरडले असते तर परवडलं असतं. त्या हळू आवाजानं गौसभाईचा चेहरा राखेसारखा झाला. वडिलांच्या वेळेपासून त्या खिळ्यावरची किल्ली कुणी अशी संशयानं काढून नेली नव्हती.

आणि सर? सर माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले, आणि एलटी-वनच्या व्हॉल्व्हबद्दल चहा संपेपर्यंत बोलले. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची किळस आली.

पुढच्या आठवड्यात गौसभाईच्या गॅरेजात एक नवीन गोष्ट सुरू झाली. गाडी सोडायला आलेला माणूस बॉनेट उघडायचा, खिशातून मोबाईल काढायचा आणि इंजिनाचा फोटो घ्यायचा. मग ओशाळवाणं हसून म्हणायचा, "आपलं असू द्या, भाई." काही जण तर काम होईस्तोवर शेजारी उभेच राहायचे. पूर्वी हीच माणसं गाडी टाकून मिसळ खायला जायची. फोटो काढताना गौसभाई पाठ फिरवून पाने-पक्कड धुवायला जायचा. संध्याकाळी एकदा मला म्हणाला, "शिवी दिली असती तर उलटी दिली असती. फोटोला काय देऊ?"

मला राहवेना. अण्णांकडून मी मुंबईच्या आधीच्या मालकाचा नंबर मिळवला. अण्णांना स्वतःला तो फोन करायचं सुचलं नव्हतं. सर बोलल्यावर आणखी कुणाला विचारायचं असतं हेच आमच्या उद्यमनगराला माहीत नाही. मुंबईवाल्यानं ऐकून घेतलं आणि जोरात हसला. म्हणाला, "अहो, एलटी-वन नावाची तीन इंजिनं झाली. या मधल्याला डिस्ट्रिब्युटर मागं नसतोच. पुढं असतो, वॉटर पंपाच्या खाली. मागं कंपनीचंच बूच येतं. पंप गळला की पाणी थेट त्याच्यावर पडतं आणि गाडी बंद. बघा, तेच झालं असणार." त्यानं फोटोही पाठवला.

अण्णांना बोलावलं. सगळ्यांसमोर पंप सोडवला. खाली डिस्ट्रिब्युटर जिथल्या तिथं, पाण्यानं भिजून गंजलेला. अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. लगेच किल्ली काढून खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "गौस, चुकलो गा." नवा पार्ट मुंबईवाल्याच्याच ओळखीनं आला, गाडी सुरू झाली, वरातही निघाली. अण्णांचं तेवढं खरं. माणूस चुकला, आणि चुकलो म्हणाला.

पण अण्णा आजऱ्याला गेले. उद्यमनगरात फोटो निघतच राहिले. आळ कानोकानी पोचतो, खुलासा मात्र कुणी कुणाला सांगायला जात नाही. गौसभाई माझ्याकडं आला. त्याला फार काही नको होतं. "माफीबिफी नको," तो म्हणाला. "माणसं त्यास्नी मानत्यात. त्यांनी इथं, ह्याच जाग्यावर, चार माणसांत एवढंच म्हणायचं, गौसनं न्हाय केलं. मी बोलून उपयोग न्हाय. तुमी बोलून न्हाय. त्यांनीच बोलाय पायजे."

मी सरांच्या घरी गेलो. मोबाईलवरचा फोटो दाखवला, पंपाखालचा डिस्ट्रिब्युटर दाखवला, मुंबईवाल्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं. हेच नाव तीन वेगवेगळ्या इंजिनांना दिलंय हेही सांगितलं. सरांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता काहीतरी हलेल. त्यांच्या मागं भिंतीवर ते लॅमिनेशन केलेलं चित्र होतं.

"तुला माझ्या विषयात किती पडले होते?" सरांनी विचारलं.

"सर, काठावर पास झालतो. पण फोटो बघा की."

"बघितला. हे एलटी-वन नव्हे."

"सर, कंपनीच म्हणते एलटी-वन."

"कंपनी काय वाटेल ते म्हणेल. पूर्वजांचं नाव लावलं म्हणून कुणी पूर्वज होत नाही. मी खऱ्या एलटी-वनबद्दल बोललो होतो, आणि त्याच्याबद्दल मी बोललेला शब्द न् शब्द बरोबर आहे. चोरी झालीच आहे. डिस्ट्रिब्युटरची नाही, नावाची. कंपनीनं केली."

"मग एवढंच येऊन सांगा की सर, गौसनं केली नाही म्हणून."

"मी त्यानं केली असं कधी म्हणालो?" सरांचा चेहरा खरोखर निरागस होता, आणि त्याचाच मला संताप येतो. हा माणूस खोटं बोलत असता तर त्याला खिंडीत गाठता आलं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी काही केलेलं नाही. समोर एक इंजिन होतं, त्याबद्दल ते बोलले. त्या इंजिनाच्या पलीकडं एक माणूस उभा होता, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि आणून दिलं तरी येत नव्हतं. मी चहा न घेता उठलो. त्यांच्या स्टुलाची सोयही मी दुसऱ्या दिवशी केली. त्यावर ऑईलचे डबे रचून ठेवले. सर आले, डबे बघितले, आणि उभ्या उभ्या तासभर बोलून गेले.

मग एके सकाळी गौसभाईच्या दारात 'अठ्ठेचाळीस' येऊन उभी राहिली.

सर आपण होऊन आले होते. त्यांचा नेहमीचा मेकॅनिक, तोही त्यांचाच विद्यार्थी, यात्रेला गेला होता आणि गाडी रेस पकडत नव्हती. हे कारण मला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला सगळ्यांना एकच वाटलं: आले. बोलायला आले. शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं. टपरीवरचे दोघं-तिघं चहाचे पेले हातात घेऊनच पुढं आले. मी दुकान सोडून रस्ता ओलांडला. पाहिजेत तेवढी चार माणसं जमली होती. गौसभाईनं हात पुसले, एक खुर्ची झटकून पुढं ठेवली आणि म्हणाला, "बसा सर."

सर बसले नाहीत. त्यांनी खटका ओढून बॉनेट उघडलं, दांडीवर टेकवलं, मागं सरकले, आणि खिशातून मोबाईल काढला. एक फोटो समोरून घेतला. एक डावीकडून. एक, वाकून, मागच्या बाजूचा. मग मोबाईल खिशात ठेवत म्हणाले, "राग मानू नकोस हं. सगळेच घेतात. शिस्त म्हणून."

लेथवाल्यानं शिवी हासडली, ती मला ऐकू आली. माझ्या हातात त्या वेळी काही नव्हतं हे सरांचं नशीब. गौसभाई मात्र गाडीकडं बघत होता. असल्या पांढऱ्या आठशे सीसीच्या गाड्या त्यानं शेकड्यांनी उघडल्या असतील. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी त्यानं तिचं इंजिन उतरवून परत चढवलं असतं. त्यानं हळूच बॉनेट खाली घेतलं, हातानं दाबून लावलं, आणि सरांनी पुढं केलेली किल्ली न घेता म्हणाला, "सर, ही गाडी मला येत न्हाय."

"म्हणजे?"

"कळत न्हाय मला ह्यातलं काय. दुसरीकडं न्या."

एवढं बोलून तो आत गेला. सर गाडीत बसले आणि धक्के खात खात निघून गेले. मला वाटलं, आता तरी लागलं असेल. कितीही झालं तरी माणूस शिकलेला आहे, आज रात्री झोप लागणार नाही.

संध्याकाळी सर दुकानात आले. चेहरा फुललेला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, समोरच्या गॅरेजकडं बोट करून, ते आनंदानं सांगत होते, "ऐकलंत का? पाया नाही, पाया नाही म्हणत होतो मी. आज चार माणसांसमोर त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."